हवेचा विरोध नगण्य समजावा

बारावीच्या फिजिक्सच्या पेपरात सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य कंसात असतं. प्रश्न मोठ्या ऐटीत सुरू होतो. एक ट्रक अमुक वेगाने निघाला, एक दगड तमुक उंचीवरून सोडला, एक दोरी कप्पीवरून टाकली. आणि मग शेवटी, दुकानदाराने बिलाच्या तळाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बारीक अक्षरांत छापावं, तसा कंस येतो. हवेचा विरोध नगण्य समजावा. घर्षण नाही असे माना. दोरीला वजन नाही. कप्पी गुळगुळीत आहे.

या कंसात एक अख्खा देश वसलेला आहे. तिथे वारा नाही, धूळ नाही, गंज नाही, वंगण लागत नाही. तिथल्या दोऱ्या ताणल्या तरी लांबत नाहीत आणि तिथल्या चेंडूंना आकारच नसतो, ते नुसते ठिपके असतात. तिथे एकदा गाडी ढकलली की पेट्रोलचा प्रश्न मिटला. असा हा देश कुठेही असो, खंडाळा तालुक्यात नाही एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

खंडाळा म्हटलं की मुंबईकडचे पाहुणे लगेच गालात हसतात. पण १९९८ साली 'गुलाम' सिनेमाने गाजवलेलं खंडाळा ते लोणावळ्याच्या शेजारचं. आमचं सातारा जिल्ह्यातलं. तिकडे लोक हवा खायला जातात, आमच्याकडे पुणे-सातारा करताना लोक एसटीच्या खिडकीतून आमची हवा तेवढी आत घेतात. एका अंगाला नीरा नदी, दुसऱ्या अंगाला खंबाटकीचा घाट, मधून धडधडणारा महामार्ग, शिरवळला एमआयडीसी, लोणंदला कांद्याचा बाजार. यंत्रशास्त्र, तरंग आणि पदार्थांचे गुणधर्म हे बारावीचे तीन जाडजूड विषय आमच्याकडे रस्त्यावर पडलेले आहेत. पोरं त्यांच्यावरून रोज उड्या मारत कॉलेजला येतात आणि वर्गात येऊन विचारतात, "सर, हे पेपरला येतं का?"

या प्रश्नाला फिजिक्सच्या मास्तरने काय उत्तर द्यावं, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

पेपर एकूण ७० मार्कांचा, प्रॅक्टिकल ३० चं. पेपरात बारापैकी कोणतेही आठ सोडवा, पुन्हा बारापैकी कोणतेही आठ सोडवा, पाचपैकी कोणतेही तीन सोडवा, अशी उदार व्यवस्था असते. 'सोडवा' या क्रियापदाचा अर्थ आमची मुलं दोन्ही बाजूंनी घेतात. जे येतं ते सोडवतात, जे येत नाही ते सोडून देतात. त्यातही 'कोणतेही आठ' म्हटल्यावर कोणते आठ, हे जुलैतच ठरलेलं असतं. वर्गातला सर्वांत मठ्ठ पोरगासुद्धा गेल्या पाच वर्षांचे पेपर बघून यंदा काय येणार हे असं सांगतो, की हवामान खात्याने त्याला नोकरीला ठेवावं.

त्यातला एक प्रश्न म्हणजे घरचाच माणूस: वळणावरच्या रस्त्याला बाहेरच्या बाजूने उठाव का देतात ते सांगून सुरक्षित वेगाचं सूत्र काढा. व्ही बरोबर आर, जी आणि टॅन थीटाच्या गुणाकाराचं वर्गमूळ. पोरं हे झोपेत लिहितात. बाजूला आकृती काढतात, तिच्यातला ट्रक आगपेटीसारखा असतो आणि त्याच्या पोटातून चारी दिशांना बाण निघालेले असतात. वस्तुमान दोन्हीकडून कटतं, म्हणजे सुरक्षित वेग गाडीच्या वजनावर अवलंबून नाही, हेही वाक्य ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून.

आता हीच पोरं क्लाससाठी साताऱ्याला जातात. येताना खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याच्या अंगाला बाहेर पडलं की उतार लागतो आणि पुढे इंग्रजी 'एस'च्या आकाराचं वळण. या वळणाने फार माणसं खाल्ली आहेत, म्हणून तर नवा जुळा बोगदा पाडायचं काम हाती घ्यावं लागलं. तेव्हा वळणावर विनोद नको. विनोद आमच्या उत्तरपत्रिकेत आहे. तिथे ठळक अक्षरांत लिहिलंय की वजनाने फरक पडत नाही. आणि महामार्गावरच्या कुठल्याही ट्रक ड्रायव्हरला विचारा, तो पहिला प्रश्न विचारेल, "माल किती उंच भरलाय?" कारण लोणंदच्या कांद्याच्या गोण्या केबिनच्या वरपर्यंत रचल्या, की गाडी घसरायच्या आधी कलंडते. किती वजन आहे यापेक्षा ते किती उंचावर बसलंय, याला तिथे किंमत. सूत्र खोटं नाही. सूत्राने फक्त ट्रकची उंची कंसात टाकली आणि कंस छापायचा राहिला.

गावोगावच्या जत्रेत 'मौत का कुआँ' येतो. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटरसायकल फिरते. आमच्या बारावीच्या पुस्तकात हा खेळ चक्क उदाहरण म्हणून दिलेला आहे, किमान वेगाच्या सूत्रासकट. पोरं काठावर उभी राहून दहाची नोट पुढे धरतात आणि तो गडी हात सोडून नोट हिसकावतो. खेळ सुरू व्हायच्या आधी तो फळ्यांवरून हात फिरवतो, कुठे ओल आहे, कुठे ऑइल सांडलंय, कुठला खिळा वर आलाय ते बघतो. घर्षणांक किती, हे त्याला प्रश्नात कोणी दिलेलं नसतं. तो रोज संध्याकाळी स्वतः काढतो, आणि चुकला तर रिचेकिंगचा अर्ज नसतो.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. सगळं जग खिशात संगणक घेऊन हिंडत असताना आमची मुलं सोळाव्या-सतराव्या शतकातल्या नेपियरच्या युक्तीने गुणाकार करतात. लॉग टेबल ही घराण्याची इस्टेट असते. थोरल्या बहिणीकडून धाकट्याकडे, धाकट्याकडून आत्याच्या पोराकडे. पानं सुटलेली, कव्हर गेलेलं, आणि अँटिलॉगच्या पानावर नेमका चहाचा डाग. या पद्धतीत आकडे बरोबर येतात, फक्त दशांशचिन्ह कुठे द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. त्यामुळे वळणावरचा सुरक्षित वेग सेकंदाला १४ मीटर यायच्याऐवजी १४० येतो. म्हणजे ताशी ५०४ किलोमीटर. पोरगं शांतपणे त्याला चौकट करतं आणि पुढच्या प्रश्नाला लागतं. ताशी पाचशेने जाणारी सातारा-स्वारगेट त्याला खटकत नाही, कारण ती एसटी कंसातल्या देशातली आहे. आपल्या देशातली एसटी असती, तर त्याने निदान कंडक्टरला विचारलं असतं.

पेपर तपासताना माणूस पडला तर किती जोरात पडेल, लंबकाची दोरी किती लांब, थेंब केवढा, याची जी उत्तरं बघावी लागतात, त्यांतून नवं पुराण रचता येईल. बालवाडीएवढ्या उंचीचे पावसाचे थेंब. नऊ किलोमीटर लांबीचे लंबक. रॉबर्ट हूकने स्थितिस्थापकतेचा आपला नियम १६७६ साली प्रसिद्ध केला तोही अक्षरांची उलथापालथ करून, म्हणजे कोणी ढापू नये, आणि खरा मजकूर सांगितला दोन वर्षांनी, १६७८ मध्ये. आमच्या मुलांच्या उत्तरपत्रिका याच परंपरेतल्या असतात. फक्त दोन वर्षांनी येऊन कोणी उलगडा करत नाही.

पण खरी मौज प्रॅक्टिकलची. पेपरात निसर्ग कंसात असतो, प्रॅक्टिकलला तो टेबलावर येऊन बसतो. त्याच्याशी गाठ पडली की काय करायचं, हे मुलांना ठाऊक नसतं. म्हणून ती त्याच्याशी बोलतच नाहीत, जर्नलशी बोलतात.

साध्या लंबकाने जी काढा. दोरी, गोळा, स्टॉपवॉच. वीस आंदोलनांचा वेळ मोजायचा, लांबी बदलायची, आलेख काढायचा. वर्गात साठ मुलं. प्रत्येकाची दोरी वेगळी, हात वेगळा, खिडकीतून येणारा वारा वेगळा. आणि साठही जणांचं उत्तर ९.८१. असा एकोपा गावच्या ग्रामसभेत कधी दिसला नाही. कारण उघड आहे. उत्तर आधी लिहिलं जातं, मग त्यावरून वर्ग, मग वेळ, आणि सगळ्यांत शेवटी, वेळ उरलाच, तर लंबक.

गंमत अशी की ९.८१ हा आकडा पॅरिसकडचा आहे. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आणि फिरणारी, त्यामुळे आमच्या अठरा अंश अक्षांशावर जी भरतो साधारण ९.७८. हे काही आजचं संशोधन नाही. १६७२ साली झां रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, विषुववृत्ताजवळ. तिथे ते घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. त्याने घड्याळाला शिव्या घातल्या नाहीत, जर्नलमध्ये पॅरिसचा आकडाही भरला नाही. लंबक आखूड केला आणि तसं लिहून ठेवलं. पुढे न्यूटनला पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे हे सांगताना याच नोंदीचा आधार झाला. तेच घड्याळ खंडाळ्यात आणलं तर रोज जवळजवळ दोन मिनिटं मागे पडेल. म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या पोरीने नीट, मन लावून लंबक मोजला, तर तिला ९.७८ मिळायला हवं. आणि मिळालं, तर बाहेरून आलेले परीक्षक चष्मा नाकावर घेऊन विचारतात, "बाळ, थोडं कमी येतंय का?" शेजारचा पोरगा, ज्याने लंबक अजून हलवलेलाही नाही, ९.८१ दाखवून पूर्ण मार्क घेऊन जातो. खंडाळ्यात बसून पॅरिस मोजणाऱ्याला बक्षीस आणि खंडाळा मोजणारीला दुरुस्ती!

सोनोमीटरचंही तसंच. तारेवर कागदाचा चिमुकला रायडर ठेवायचा, नादकाटा रबरावर ठोकून पेटीवर टेकवायचा, तारेची लांबी जुळली की अनुनाद होऊन रायडर आपोआप उडून पडतो. फार देखणा प्रयोग. पण जुळवायला धीर लागतो, आणि मागे रांग असते. त्यामुळे परीक्षकांची पाठ फिरली की पोरगा ओठांचा चंबू करून हळूच फुंकर घालतो. रायडर पडतो. "सर, रेझोनन्स!" त्याच्या फुंकरीची वारंवारता किती, हा प्रश्न व्हायवाला कोणी विचारत नाही. नादकाटाही रबरावर कमी आणि टेबलाच्या कडेवर, गुडघ्यावर, प्रसंगी शेजाऱ्याच्या खांद्यावर जास्त वाजतो.

व्हायवा हा वेगळाच नाट्यप्रकार. एका टोकाला पोहे-चहा होऊन सुस्तावलेले बाहेरचे सर, दुसऱ्या टोकाला हात मागे बांधलेला विद्यार्थी, आणि मध्ये कॉलेजचे सर, ज्यांचे ओठ न हलता उत्तर सांगायचा प्रयत्न करत असतात.

"स्क्रू गेजचा लीस्ट काउंट?"

"०.००१ सेंटिमीटर, सर."

"शाब्बास. झीरो एरर किती आहे?"

"एरर नाही सर. कालच नवीन आणलाय."

बाहेरच्या सरांना हसू आवरत नाही, ते जर्नल मिटतात आणि तीसपैकी सत्तावीस देतात. पोरगा बाहेर येऊन सगळ्यांना सांगतो की सर लई कडक आहेत.

यंत्रशास्त्रात घाट तरी आहे, पण तरंगांच्या बाबतीत खंडाळ्याइतकी श्रीमंत प्रयोगशाळा शोधून सापडायची नाही. सर्व्हिस रोडवर कोणालाही उभं करा. ट्रक लांबून येताना हॉर्न बारीक, पुढे गेला की जाड. हा आवाज पहिलीतलं पोरसुद्धा तोंडाने हुबेहूब काढून दाखवतं. डॉप्लरने १८४२ साली सांगितलं ते हेच. आणि त्याचं म्हणणं पडताळायला हॉलंडच्या बाईस बॅलटने १८४५ साली उत्रेख्तजवळ आगगाडीवर वाजंत्री बसवले, रुळाच्या कडेला सुराचे जाणकार उभे केले आणि गाडी पळवली. फेब्रुवारीत केलेला पहिला प्रयत्न खराब हवेने फसला, जूनमध्ये पुन्हा केला. म्हणजे परीक्षा पुढे ढकलायचा मान फक्त आपल्या बोर्डाचा नाही. आता आमचं पोरगं बघा. आवाज तोंडाने अचूक काढतं. कागदावर सूत्र लिहिताना मात्र वर अधिक की वजा, खाली वजा की अधिक, यात अडकतं आणि शेवटी नाणेफेक करतं. मी एकदा म्हटलं, "अरे, आधी तोंडाने वाजव, मग चिन्ह दे." अख्ख्या वर्गाने 'पींऽऽपोंऽऽ' केलं. बाजूच्या वर्गातून अकाउंट्सचे सर धावत आले. चिन्ह मात्र सगळ्यांचं बरोबर आलं.

माउलींची पालखी नीरा ओलांडून पाडेगावला आमच्या तालुक्यात शिरते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या दिवशी अध्यारोपण, विस्पंद, अनुनाद सगळं एका जागी ऐकायला मिळतं. शंभर टाळ आणि त्यांतला एक किंचित मागे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वादक कणीक लावतो, पाण्याचा हात फिरवतो, थाप मारून बघतो, चिमूटभर काढतो, पुन्हा थाप मारतो. ताणलेल्या कातड्यावर भार चढवला की त्याचा सूर कसा बदलतो, हे तो बोटांनी सोडवत असतो. साध्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, पण आपल्या मृदंग-तबल्याच्या शाईने ते सुरेल नात्यात येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' नियतकालिकात मांडलं. वारकऱ्याला 'नेचर'चा अंक मिळाला नाही, पण कणीक किती लावायची यात त्याची चूक होत नाही. आमच्या पेपरात मात्र तार एकसारखी जाड, पूर्ण लवचीक आणि दोन्ही टोकांना घट्ट आवळलेली. कणीक कंसात.

पदार्थांचे गुणधर्म हा तिसरा अंक. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला पाक शिपीवर घेतो, गार पाण्यात सोडतो, दोन बोटांत त्याची गोळी वळते का बघतो आणि 'उतरवा' म्हणून ओरडतो. अर्धं मिनिट उशीर झाला तर गूळ काळा, अर्धं मिनिट आधी उतरवला तर ढेप बसत नाही. द्रवाची चिकटी तापमानाबरोबर कशी बदलते, यावर त्याचं घर चालतं. त्याच गुळव्याचा मुलगा माझ्याकडे स्टोक्सचा नियम पाठ करतो आणि काचेच्या नळीतल्या ग्लिसरिनमध्ये छर्रा सोडून तो तळाला गेल्यावर लोहचुंबकाने काढत बसतो, कारण कपाटात छर्रे मोजून ठेवलेले आहेत.

चिकटीवरून आठवलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली काचेच्या नरसाळ्यात डांबराच्या जातीची पिच भरली, ती तीन वर्षं बसू दिली आणि १९३० साली खालचं तोंड कापलं. तेव्हापासून ती थेंब थेंब गळते आहे. थेंब आठ-दहा वर्षांनी एक. पुढे जॉन मेनस्टोन यांनी हा प्रयोग सांभाळला. १९८८ साली थेंब पडणार म्हणून ते टपून बसले, काहीतरी प्यायला म्हणून जरा बाहेर गेले आणि तेवढ्यात थेंब पडला. २००० साली कॅमेरा लावला, तर ऐन वेळी कॅमेराच बंद. २०१३ साली ते वारले, तोवर एकही थेंब पडताना त्यांना प्रत्यक्ष दिसला नाही. परीक्षेच्या काळात आमच्याकडे भरारी पथक येतं, त्याचीही हीच कहाणी. पथक जीपमधून उतरेपर्यंत सगळं शांत, पवित्र, आणि पथक चहाला वळलं की खिडकीखाली थेंब पडायला लागतात.

एकीकडे एका थेंबासाठी दहा वर्षं, दुसरीकडे सीईटी. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यात प्रश्न वाचायचा, आकृती डोळ्यांसमोर आणायची, चार पर्यायांतून एक निवडायचा. रिशेला एवढीच सवड असती, तर त्याने 'यांपैकी नाही'वर टिचकी मारली असती आणि पृथ्वी अजून गोलच राहिली असती. चुकलं तरी सीईटीत मार्क कापत नाहीत, नीटमध्ये मात्र चार मिळवायला जाऊन एक गमवायची भीती. त्यामुळे एकच पोरगं एका परीक्षेला जुगारी असतं आणि दुसरीला मारवाडी.

३ जानेवारीला आमच्या तालुक्यातल्या नायगावात सावित्रीबाईंच्या जयंतीला गर्दी उसळते. त्याच सुमाराला कॉलेजात पूर्वपरीक्षा. त्याआधीच्या उजळणीच्या तासाला मी फळ्यावर एक नेहमीचं गणित घातलं. विहिरीत दगड सोडला, दोन सेकंदांनी 'डुबुक' ऐकू आलं, विहीर किती खोल? (ध्वनीला लागणारा वेळ नगण्य समजावा.) अर्ध्या मिनिटात वर्ग ओरडला, १९.६ मीटर. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र गप्प.

"सर, आमच्या विहिरीत मी टाकलाय दगड. दोनच सेकंद लागतात. पण आबा म्हणतात दहा परस आहे."

दहा परस म्हणजे दहा माणसं एकावर एक, साठेक फूट, अठरा-साडेअठरा मीटर. वर्ग हसला. आबा विरुद्ध न्यूटन! पण मी कंस पुसून टाकला आणि म्हटलं, आवाजालाही वर यायला वेळ लागतो, तो धरून काढा. घामाघूम होऊन उत्तर आलं: १८.५ मीटर. आबा जिंकले. कंसाने दोन हात दोर खाल्ला होता.

मुलगी खूश. पण तिचं समाधान होईना. "सर, मग कंस चुकीचा ना?"

आणि इथे त्या तासाला पहिल्यांदा फिजिक्स सुरू झालं. घड्याळ कोणाच्या हातात होतं? तिच्या भावाच्या. त्याला आवाज ऐकून बटण दाबायला किती वेळ लागतो? सेकंदाचा पाचवा हिस्सा धरू. तेवढ्यात दगड किती फरक पाडतो? हिशोब केला. जवळजवळ चार मीटर! म्हणजे ज्याला आपण कंसात टाकलं त्या आवाजाने एका मीटरचा घोळ केला, आणि ज्याचं नाव कंसातही नव्हतं त्या भावाच्या अंगठ्याने चार मीटरचा. आबांशी उत्तर जुळलं तो निम्मा योगायोग. वर्ग शांत झाला. मोठी चूक कुठली, छोटी कुठली, कोणती पोसायची आणि कोणती हाकलायची, हे ठरवणं म्हणजेच तर सगळं यंत्रशास्त्र. सूत्र त्यानंतर येतं. ड्रायव्हर हेच ठरवतो, मौत का कुआँवाला हेच ठरवतो, गुळव्या हेच ठरवतो. फक्त आमचा विद्यार्थी ठरवत नाही, कारण त्याच्यासाठी ते पेपर काढणाऱ्याने आधीच ठरवून कंसात लिहिलेलं असतं. आम्ही पोरांची परीक्षा घेतो ती नेमकी फिजिक्स संपल्यानंतरची.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली ती आबांचा निरोप घेऊन. "आबा म्हणाले, तुमच्या सरांना सांग, दगड सोडायचाच आहे तर त्याला दोरी बांधून सोडा की."

याला माझ्याकडे कोणत्याही युनिटमध्ये उत्तर नव्हतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक कल्पना घोळते. पेपरातले सगळे कंस काढून टाकावेत आणि चार मार्कांचा एकच नवा प्रश्न घालावा. कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रक खंबाटकी उतरतो आहे. ट्रकचं वजन, मालाची उंची, उतार, वळण, ब्रेक किती तापलेत, वारा, ड्रायव्हरची झोप, केबिनमध्ये टांगलेलं लिंबू-मिरची, असं सगळं दिलेलं आहे. यांतलं काय सोडून द्याल, काय सोडणार नाही, आणि का? उत्तर एक नाही. लॉग टेबल लागत नाही. पाठ करायला काही नाही.

स्टाफरूममध्ये ही कल्पना मांडली, तर मॅथ्सच्या मॅडमना आवडली, केमिस्ट्रीच्या सरांनी मॉडेल आन्सर कुठाय असं विचारलं, आणि प्राचार्यांनी निकाल किती टक्के खाली येईल याचा तोंडी अंदाज दिला. कँटीनपर्यंत बातमी गेली. संध्याकाळी एका पालकांचा फोन आला, आवाजात काळजी होती.

"सर, ते काय काय सोडून द्यायचं त्याची यादी आहे म्हणे नवीन. नोट्स मिळतील का? पोरगं हुशार आहे, यादी दिली तर दोन दिवसांत पाठ करील."

मी यादी नाही म्हणून सांगितलं. त्यांना पटलं नाही. आठवड्याभरात महामार्गाच्या कडेला एका क्लासचा फ्लेक्स लागला. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: 'नगण्य गोष्टी, संपूर्ण संच. १२० महत्त्वाच्या नगण्य गोष्टी उत्तरांसहित. पहिल्या पन्नास प्रवेशांना लिंबू-मिरचीचा धडा मोफत.'